अंगावर पडलेला माल

विक्रीसाठी आणलेला माल हंगामात खपला नाही आणि नेहमीच्या भावात तो घेणारे गिऱ्हाईकही उरले नाही, की तो व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो. त्यालाच डेड स्टॉक म्हणतात.

नांदेड-लातूरकडे याचे मूळ बहुधा पावसात सापडते. खरिपाचे सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात येते आणि त्याच पैशावर कापड, भांडी, दागिन्यांची खरेदी होते. दुकानदाराने मात्र माल त्याआधीच, अनेकदा उधारीवर, भरलेला असतो. पीक बुडाले की खरेदी थांबते. भांडवल अडकते, देणे मात्र थांबत नाही.

प्रत्येक मालाची पडझड वेगळी. साडीची चाल बदलली तरी कमी भावात ती विकता येते. कृषी सेवा केंद्राला तशी सोय नसते. सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता साठवणुकीत लवकर घटते आणि विक्रीसाठी किमान ७० टक्के उगवण लागते. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून ९ महिन्यांची. पुढे ती वाढते, पण फेरचाचणीत बियाणे उतरले तरच. बुरशीनाशक लावलेले बियाणे खाण्यासाठी किंवा तेलासाठीही विकता येत नाही. मुदत संपलेली कीटकनाशके तर १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लगेच वेगळी काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून स्वतंत्र जागी ठेवावी लागतात. त्यांची विक्री हा गुन्हा ठरतो.

हिशेबाचा नियम सरळ आहे: शिल्लक मालाची किंमत खरेदीखर्च किंवा विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम, यांतील कमी असेल ती धरावी. १,००० रुपयांना घेतलेली साडी आता ६०० रुपयांना जाणार असेल आणि विक्रीला ५० रुपये खर्च येणार असेल, तर वहीत ५५० रुपयेच लिहावे लागतात. ४५० रुपयांचा तोटा त्याच वर्षी दिसतो. जीएसटीतही फरक पडतो. माल नष्ट केला, खात्यातून काढून टाकला किंवा फुकट वाटला, तर खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. तोच माल पडत्या भावात तिऱ्हाइताला विकला, तर कर प्रत्यक्ष विक्रीकिमतीवर लागतो आणि वजावट सहसा टिकते.

म्हणून आधी आलेला माल आधी विकावा, खरेदीच्या वेळीच वापसीची अट लेखी घ्यावी आणि हंगाम सरण्यापूर्वी भाव उतरवावा. गुंतलेली रक्कम मालाचा भाव ठरवत नाही. तो आजचे गिऱ्हाईकच ठरवते.