चित्रपुस्तक वाचावें कसें?

मुलांच्या हातीं पुस्तक द्यावयाचें झालें म्हणजे सुशिक्षित घरांतून सहसा दोन प्रश्न विचारले जातात : त्यांत मजकूर किती आहे, आणि त्यापासून बोध कोणता मिळतो? तीस-चाळीस पानें, पानागणिक एक-दोन ओळी आणि बाकी सारीं चित्रें, असें पुस्तक दिसलें कीं पांच मिनिटांत संपणाऱ्या वस्तूवर पैसे वायां गेले, असें वडील माणसांस वाटतें. चित्र हा मजकुराचा केवळ अलंकार होय, ही समजूत या वाटण्याच्या मुळाशीं असते. वस्तुतः उत्तम चित्रपुस्तकांत निम्मी कथा शब्द सांगतात व निम्मी चित्रें सांगतात. ज्यानें शब्दच वाचले, त्यानें अर्धें पुस्तक न उघडतांच मिटलें.

या कलेचा पाया ज्यानें घातला असें सामान्यतः मानतात, तो रँडॉल्फ कॉल्डकॉट १८४६ सालीं इंग्लंडांतील चेस्टर येथें जन्मला. तरुणपणीं तो बँकेंत कारकून होता. पुढें एडमंड एव्हन्स या कुशल मुद्रकाच्या साहाय्यानें त्यानें १८७८ पासून १८८५ पर्यंत, दरसाल नाताळाच्या सुमारास दोन याप्रमाणें, सोळा रंगीत चित्रपुस्तकें काढलीं. किंमत एक शिलिंग. वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८६ सालीं, अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत त्याचें निधन झालें.

कॉल्डकॉटच्या पुस्तकांतील मजकूर बहुधा जुन्या बालगीतांचा असे. नवें असे तें चित्रांत. एका सुप्रसिद्ध इंग्रजी बालगीताच्या शेवटीं बशी व चमचा यांनीं पलायन केल्याचें सांगितलें आहे. गीत तेथेंच थांबतें, पण चित्रकार थांबत नाहीं. पान उलटावें तों बशीचे तुकडे होऊन पडलेले दिसतात आणि सुरी व कांटा हे चमच्याचे मायबाप आपल्या लेकराला घेऊन घरीं निघालेले दिसतात! शब्दांत याची चाहूलहि नाहीं. हंसण्याच्या गीतांतून चित्रानें एक करुण कथा उभी केली. शब्दांनीं एक सांगावें, चित्रानें त्यांत भर घालावी, प्रसंगीं त्यांना उत्तरहि द्यावें, ही चित्रपुस्तकाची खरी रीत होय.

त्याचें नांव अमेरिकेंत एका पदकास मिळालें. तेथील ग्रंथालय संघटना १९२२ पासून लंडनचा जुना पुस्तकविक्रेता जॉन न्यूबरी याच्या नांवें उत्कृष्ट बालवाङ्मयाच्या लेखकास पदक देत असे. या पदकाचा पुरस्कर्ता फ्रेडरिक मेल्चर याच्या ध्यानीं आलें कीं, चित्रकाराच्या श्रमांचा मान कोठेंच होत नाहीं. त्याच्या सूचनेवरून १९३७ सालीं कॉल्डकॉट पदकाची स्थापना झाली व १९३८ सालीं तें प्रथम डोरोथी लॅथ्रॉप या चित्रकर्त्रीस मिळालें. हें पदक चित्रकारालाच मिळतें, लेखकाला नव्हे. त्यास आणखीहि एक मर्यादा आहे : चित्रकार अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी असला पाहिजे. तेव्हां वेष्टनावरील सोनेरी शिक्का पाहून पुस्तक जगांत श्रेष्ठ ठरलें असें समजण्याचें कारण नाहीं. शिवाय निवड करणारे सारे प्रौढ असतात. शिक्का ही एक जाणती शिफारस होय. पुस्तकाची पारख घरीं वाचूनच करावी लागते.

ही पारख कशी करावी, हें दोन पदकविजेत्या पुस्तकांवरून स्पष्ट होईल. पहिलें मॉरिस सेंडॅक याचें ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. हें १९६३ सालीं प्रसिद्ध झालें व पुढील वर्षीं त्यास पदक मिळालें. साऱ्या पुस्तकांत साडेतीनशेहि शब्द नाहींत. मॅक्स नांवाचा मुलगा घरांत धुमाकूळ घालतो. आई त्याला जेवण न देतां झोपण्यास पाठविते. त्याच्या खोलींत अरण्य वाढतें, तो भयंकर प्राण्यांच्या देशीं जाऊन त्यांचा राजा होतो आणि शेवटीं घरीं परततो. मुलें भितील, अशी शंका त्या वेळीं वडील मंडळींत घेतली गेली. पण पानांची मांडणी पाहावी. आरंभीं चित्र लहान असून भोंवतीं पुष्कळ पांढरी जागा आहे. मॅक्सचें मन जसजसें मोकळें सुटतें, तसतसें चित्र वाढत जातें व शब्दांस कडेला लोटतें. प्राण्यांचा धांगडधिंगा सुरू झाला कीं सलग तीन वेळां दोन्ही पानें चित्रानें भरून जातात आणि तेथें एकहि शब्द उरत नाहीं. राग शिगेस पोंचला म्हणजे मुलाला शब्द सुचत नाहींत, हें त्यावांचून कसें दाखवावें? अगदीं शेवटच्या पानावर मात्र चित्रच नाहीं. घरीं ठेवलेलें जेवण अजून ऊन होतें, एवढेंच तेथें शब्दांनीं कळतें. आईची क्षमा मुलाला पाहतां येत नाहीं, ती त्याला ऐकूं येते.

दुसरें पुस्तक एझ्रा जॅक कीट्स याचें ‘द स्नोई डे’. प्रकाशन १९६२, पदक १९६३. पोलंडांतून आलेल्या ज्यू दांपत्याचा हा मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत गरिबींत वाढला. एका लहान कृष्णवर्णी मुलाचीं १९४० सालीं एका साप्ताहिकांत आलेलीं छायाचित्रें त्यानें कापून वीसहून अधिक वर्षें जपून ठेविलीं होतीं. त्यांतून पीटर जन्मास आला. तांबडा पोषाख घातलेला हा मुलगा बर्फांत पावलें उमटवीत हिंडतो, बर्फाचा गोळा खिशांत ठेवून घरीं येतो आणि तो नाहींसा झालेला पाहून खिन्न होतो. कथा एवढीच. रंगीत कागद व कापड कातरून चिकटविलेल्या या चित्रांत पीटर कृष्णवर्णी आहे. मजकुरांत तसा एकहि शब्द नाहीं.

या मौनाचें मोल समजण्यास त्या काळची स्थिति ध्यानांत घ्यावी. नॅन्सी लॅरिक या शिक्षणज्ञ बाईंनीं १९६५ सालीं दाखवून दिलें कीं, मागील तीन वर्षांत अमेरिकेंत निघालेल्या ५२०६ बालपुस्तकांपैकीं अवघ्या ३४९ पुस्तकांत कृष्णवर्णी माणूस आढळतो. शाळेंत जाणाऱ्या लक्षावधि मुलांना आपल्यासारखें कोणी पुस्तकांत भेटतच नव्हतें. कीट्सनें शब्दांत उल्लेख केला नाहीं, असा आक्षेपहि निघाला. परंतु शब्दांचें मौन व चित्राचें बोलणें एकत्र वाचलें तर अर्थ उघड होतो : या मुलाच्या वर्णाची कैफियत द्यावयाची नाहीं, तो बर्फांत खेळणारा मुलगा आहे, बस. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें २०२० सालीं आपल्या सव्वाशे वर्षांच्या देवघेवीचा हिशेब जाहीर केला, तेव्हां सर्वांत अधिक वेळां, म्हणजे ४,८५,५८३ वेळां, घरीं नेलेलें पुस्तक हेंच ठरलें. समितीनें पदक एकदांच दिलें. घरोघरचीं मुलें मात्र हें पुस्तक सहा दशकें पुनःपुन्हां मागत राहिलीं.

अशा पुस्तकाच्या वाचनास विद्वत्तेची गरज नाहीं, सवड मात्र हवी. प्रथम मजकूर न वाचतां मुलाला नुसतीं चित्रें पाहूं द्यावीं व काय घडलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें. मग मजकूर सावकाश वाचावा. पान उलटण्याचा अधिकार मुलाकडे असावा. पुढें काय, ही उत्कंठा पान उलटतांनाच उपजते. चित्रांत आहे पण शब्दांत नाहीं, असें काय सांपडलें, तें एकमेकांस विचारावें. बहुधा मुलाचीच जीत होते, कारण वाचावयास शिकलेल्या माणसाची नजर थेट अक्षरांकडे धांवते. तात्पर्य मात्र विचारूं नये. मुलानें तेंच पुस्तक दुसऱ्या दिवशीं पुन्हां आणून पुढें ठेवलें, तर ‘कालच वाचलें ना?’ असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. काल शब्द वाचून झाले असतील; चित्र अद्याप वाचावयाचें राहिलें असेल.