सुगरणीचे घरटे आणि संगणकाच्या लहान सेवा

किहीमच्या वाड्यांतून हिंडताना झाडाला लोंबणारी सुगरणीची घरटी कोणी पाहिली नाहीत? याच गावी 1930 साली सलीम अली यांनी या पाखराचे बारकाईने निरीक्षण केले आणि 1931 मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नाव सुगरणीचे, पण घरटे विणतो तो नर. आणि तोही ते अर्धेच विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पारखते. तिला पसंत पडले, तरच नर उरलेले घरटे पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो.

आमचा विषय पाखरांचा नाही, संगणकाचा आहे. तरी हे अर्धे घरटे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; शेवटी त्याची गरज लागेल.

किनाऱ्यावर पाहुण्यांना खोल्या देणारे एक कुटुंब घेऊ. त्यांच्या संगणकाला तीन कामे आहेत: कोणती खोली मोकळी ते सांगणे, पैशांची नोंद ठेवणे आणि पाहुण्याला निरोप धाडणे. ही तिन्ही कामे एकाच प्रोग्रॅमने करणे ही एक रीत. प्रत्येक कामाला निराळा लहान प्रोग्रॅम, त्याची निराळी नोंदवही आणि आपसांत ठरलेल्या नमुन्यातच बोलणे, ही दुसरी. या दुसऱ्या रीतीला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या 2014 मधील लेखाने हा शब्द सर्वतोमुखी झाला.

लाभ उघड आहे. निरोपाची सेवा बंद पडली, तरी खोल्या भरणे थांबत नाही. पण किंमतही पडते. एका घरात हाक मारली की काम होते. तीन घरे झाली की पत्रव्यवहार आला. पत्र उशिरा पोचते, हरवते, कधी दोनदा पोचते. पाहुण्याचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक व्यवहाराला क्रमांक द्यावा लागतो. समोरून उत्तर आले नाही, तर किती सेकंद थांबायचे, हेही आधी ठरवावे लागते.

हा पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकट, वापरतात. आलेली मागणी वाचणे, तपासणे, योग्य कामाकडे धाडणे आणि उत्तर परत करणे ही तिची कामे. गीडो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या पायथन भाषेत 2010 मध्ये फ्लास्क आणि 2018 मध्ये फास्ट-एपीआय या चौकटी आल्या. आपल्या मुंबईतही रुषभ मेहता यांनी सुरू केलेली फ्रॅपे ही पायथनची चौकट घडली. ती मायक्रोसर्व्हिसची नव्हे. तिच्यात पाने दाखविणारा, रांगेतली कामे उपसणारा आणि वेळच्या वेळी कामे सोडणारा असे प्रोग्रॅम निराळे चालतात. मूळ घर मात्र एकच. मधला मार्गही असतो, तो असा.

मांडणी सोपी आहे. प्रत्येक सेवेला पायथनची स्वतंत्र खोली द्यावी. बाहेरून आणलेल्या प्रत्येक सामानाची आवृत्ती यादीत लिहावी. पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात ठेवू नये. आणि ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाला सेवेने उत्तर द्यावे, अशी सोय करावी. एवढे एका दुपारी उरकते.

खरी कसोटी पुढे लागते. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा सांभाळ 1 जानेवारी 2020 रोजी थांबला. त्यानंतर तिच्यातली छिद्रे बुजविण्याचे काम मूळ कर्त्यांनी सोडले. आजही एकेका आवृत्तीला सुमारे पाच वर्षांचेच आयुष्य असते. म्हणजे चालते घर अधूनमधून शाकारलेच पाहिजे. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस विजेवाचून राहिली. अशा वेळी वीज परतल्यावर कोणती सेवा आधी उठवायची, नोंदींची प्रत कोठे आहे आणि त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे राहते की नाही, हे ज्याने आधी करून पाहिले आणि कागदावर लिहून ठेवले, त्याचाच निभाव लागतो. जाणता मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, की मागे राहिलेल्यांना तो कागदच वाट दाखवितो.

आता अर्ध्या घरट्याकडे वळू. पहिल्या दिवशीच दहा सेवा विणून बसू नये. आधी एकच प्रोग्रॅम नीट मांडावा, पण आतली कामे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावी. एखाद्या कामावर खरोखर भार पडला, किंवा ते इतरांहून वारंवार बदलू लागले, तरच ते बाहेर काढून त्याची सेवा करावी. आणि प्रत्येक नव्या सेवेपूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: पुढल्या पावसाळ्यात हिची देखभाल कोण करणार? त्या माणसाचे नाव सांगता येत नसेल, तर ती सेवा अजून विणू नये.