कोरियन वैताग, पेण-रोह्याच्या कामाचा
के-ड्रामावाल्यांनो, इकडे लक्ष द्या! दिवा-रोहा गाडी रखडली की म्हणायचं ‘चाजुंग ना’, म्हणजे वैताग आलाय. वडखळच्या कोंडीत जीव घुसमटला की ‘ताप्ताप्हे’. समोरचा ऐकूनच घेत नाही तेव्हाही हेच. डोकं तापलं की ‘योल बादा’. माझा लाडका मात्र ‘मिचिगेत्ता’: वेड लागायची पाळी आली! आणि वर्षानुवर्षं गिळलेला राग? कोरियात त्याला ‘ह्वाब्योंग’ असं आजाराचंच नाव आहे. १९९४ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तकातही ते आलं.

हे सगळं मित्रमंडळींत. आपल्या शेजारी विळे-भागाडला पोस्को ही कोरियन पोलाद कंपनी आहे. कोरियन साहेबांपुढे आदराचा ‘यो’ जोडूनही ‘चाजुंग नायो’ म्हणू नका, उद्धटपणा वाटतो.