फ्लेमिंगो आले म्हणजे निसर्ग फुलला?

"धरणानं निसर्गाचं नुकसान होतं म्हणता, मग उजनीत एवढे फ्लेमिंगो कसे?" धरणांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या लेखी वाद तिथंच संपलेला असतो. तो संपत नाही.

फ्लेमिंगोला, म्हणजे रोहित पक्ष्याला, खोल पाणी नको असतं. त्याला हवा असतो उथळ पाण्याखालचा चिखल. चोच उलटी धरून तो ते चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो. काठोकाठ भरलेल्या उजनी धरणात त्याच्या चरण्याजोगी जागाच उरत नाही. पाणी उतरून भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडचे काठ उघडे पडायला लागले की थवे जमतात. तिथलं पर्यटन उभं आहे ते या ओसरत्या पाण्यावर.

तो चिखल इतका सकस कसा? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या नद्या आहेत. तेव्हा पक्षी दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, हेही डोक्यातून काढून टाका.

आता गेलेल्यांचा हिशेब. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि वाहत्या भीमेचा मोठा पट्टा साचलेलं पाणी झाला. विणीसाठी प्रवाहाच्या उलट चढणाऱ्या माशांची वाट भिंतीनं अडवली. आज जाळ्यात भरभरून येते ती चिलापी, मूळची आफ्रिकेतली. आणि पाण्याबाहेरचं नुकसान तर कुणी धरणाच्या खात्यावर मांडतच नाही! माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झालं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतले माळ त्यात होते. याच सोलापूर जिल्ह्यात उजनीचे कालवे फिरले, पाठोपाठ ऊस आला. उघड्या गवताळ माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्यानं उसात करायचं काय? माळढोक संपत येण्याला विजेच्या तारा, शिकार, नांगरट अशी बरीच कारणं आहेत. सिंचनामुळे माळ शेताखाली जाणं हे त्यातलं एक मोठं. आययूसीएनच्या लाल यादीत रोहित सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे, माळढोक अतिसंकटग्रस्त. पहिल्याचा फोटो दाखवून दुसऱ्याची भरपाई झाली म्हणणं मला मान्य नाही. सोलापूरला पाणी लागतं आणि ते मुख्यतः उजनीतून मिळतं, याबद्दल वाद नाही. पण ते पाणी वन्यजीवांच्या भल्यासाठी अडवलं असं कुणी सांगू नये.

बाकीचे समज थोडक्यात. रोहित उजनीत पिल्लं काढतात? नाही, त्यांची भारतातली मोठी वीण कच्छच्या रणात होते. उजनी शून्य टक्क्यांवर म्हणजे कोरडी? नाही, शून्याखालीही सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा असतो, आणि उणे आकड्यांच्या उन्हाळ्यात चिखलाचे काठ आणखी उघडे पडतात.

शेवटचा समज नावेतल्या पर्यटकांचा: थवा उडाला की पैसे वसूल. उडालेला थवा चरणं सोडून उडालेला असतो. नावाड्याला जवळ घ्यायचा आग्रह करू नका, इंजिन लांबच बंद करायला सांगा.