ओरडा आधी, झेल नंतर

२९ जून २०२४ची रात्र. बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता आणि आम्ही मारुंजीत एका शिक्षकमित्राच्या घरी मोबाईलच्या पडद्याला डोळे लावून बसलो होतो. शेवटचे षटक सुरू व्हायचे होते. हार्दिक पंड्या अजून चेंडू हातात घेऊन उभा होता आणि समोरच्या इमारतीतून एकदम आरोळी उठली. पाठोपाठ आमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरूनही उठली. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतलेला आम्ही पाहिला तेव्हा खाली फटाका वाजून गेला होता. मित्राची सातवीतली मुलगी वैतागून म्हणाली, "आपली मॅच शिळी आहे!"

शब्द अगदी बरोबर होता. पण किती शिळी, आणि का?

समोरच्या गच्चीवर डिश अँटेना होती. तिच्याकडे येणारा संदेश विषुववृत्तावरच्या सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या उपग्रहापर्यंत चढतो आणि तितकाच खाली उतरतो. प्रकाशाच्या वेगाने या प्रवासाला साधारण पाव सेकंद लागतो. चित्राच्या प्रक्रियेचे काही सेकंद त्यात मिळवा. मोबाईलवर मात्र आम्ही पुढच्या सामन्यांत घड्याळ लावून पाहिले, तर फरक कधी १५ सेकंद भरला, कधी २५. तारेतून आलेले चित्र आकाशातून आलेल्या चित्राच्या मागे पडावे, हे चमत्कारिक वाटेल. प्रवासाला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बांधाबांधीला.

थोडा हिशेब करू. एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे जवळजवळ २१ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. आपल्या मोबाईलपर्यंत त्यांतले पन्नासएक लाख पोचले तरी चित्र सुरेख दिसते. कारण मैदानावरचे गवत क्षणाक्षणाला बदलत नाही. जे बदलले तेवढेच पाठवायचे. हे बदल शोधायला संगणकाला मागची-पुढची चित्रे तपासावी लागतात. मग त्या चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चार-सहा प्रतींत (कमी-जास्त स्पष्टतेच्या) तयार करतात आणि शहरोशहरीच्या साठवणयंत्रांत ठेवतात. मोबाईल तिथून एकेक तुकडा मागून घेतो आणि दोन-तीन तुकडे हाताशी जमले की मगच दाखवू लागतो.

मारुंजीच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. गच्चीवर टाकी असते म्हणून टँकर उशिरा आला तरी नळ चालू राहतो. पण नळातून आता येणारे पाणी सकाळी भरलेले असते. टाकी मोठी तर पाणी अधिक शिळे. मोबाईलमधली ही चित्रांची टाकी लहान केली तर सामना ताजा होईल, परंतु जाळे जरा अडखळले की चित्र थांबेल.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. एकच वृत्तवाहिनी दूरदर्शन संचावर आणि दोन मोबाईलवर लावावी, निवेदकाचा एखादा शब्द धरून अंतर मोजावे, दहा वेळा मोजून सरासरी काढावी. दोन सारखे मोबाईलही एकमेकांपुढे-मागे धावतात हे पाहून मुले चकित होतात.

व्हिडिओ कॉलला अशी टाकी परवडत नाही. वीस सेकंदांनी उत्तर मिळू लागले तर बोलणेच खुंटेल. म्हणून तिथे टाकी जवळपास रिकामी ठेवतात आणि चेहरा मध्येच चौकोनांत फुटतो. पुढे जाळे सुधारेल, चौकोन जातील. पण एक गोष्ट सुधारणार नाही. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेघेने धरले तरी साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका दिशेला किमान ६२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून २१ मीटर जातो. गणपतीत इथले आजी-आजोबा आणि अमेरिकेतला नातू कॉलवर एकत्र आरती म्हणू लागले, तर ते उत्तमातल्या उत्तम जाळ्यावरही एकमेकांपासून २१ मीटरवर उभे आहेत असे समजा. प्रत्यक्षात अंतर याच्या कितीतरी पट पडते. दोघेही दुसऱ्याच्या टाळीची वाट पाहतात आणि लय संथ होत जाते. ज्यांनी २०२० साली ऑनलाइन वर्गात समूहगीत घ्यायचा प्रयत्न केला, त्यांना हे पुरते ठाऊक आहे.

यावर एक तोडगा संभवतो. ऑनलाइन खेळांत प्रतिस्पर्ध्याची पुढची हालचाल यंत्र अंदाजाने आधीच दाखवते आणि चुकली तर दुरुस्त करते. उद्या नातवाची पुढची टाळी आपल्या घरचे यंत्रच वाजवील आणि आरती तालात होईल. पण ती टाळी नातवाची म्हणावी काय?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. भारतात १९९५ साली मोबाईल सेवा आली, तेव्हापासून आपण अर्धवट घडवलेला आवाजच ऐकतो आहोत. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागत, त्या काळच्या मोबाईलला १३,००० पुरत. सेकंदाच्या प्रत्येक पन्नासाव्या भागात घशाची आणि तोंडाची पोकळी कशी आकारली आहे याचा अंदाज बांधून त्याचे आकडे, आणि सोबत थोडा उरलेला कच्चा माल, एवढेच पलीकडे जाई. आवाज तिथे पुन्हा घडे. आमच्या मते चेहऱ्याचेही आता हेच होणार. सुरुवातीला एक छायाचित्र पाठवायचे आणि मग डोळे, ओठ, मान कुठे वळली याचे फक्त आकडे; चेहरा पलीकडचे यंत्र रंगवील. अशी प्रात्यक्षिके २०२०च्या सुमारास दाखवली गेली आहेत. खेडोपाडीच्या क्षीण जाळ्यावर स्वच्छ चित्र मिळेल, हा लाभ मोठाच. मात्र आकडे एकाचे आणि छायाचित्र दुसऱ्याचे, अशी जोडणीही तितकीच सोपी होते. आवाजाच्या नकलांवर तर आताच फसवणुका होत आहेत.

'चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, नकली चेहरा विसकटेल' असा उपाय सुचवला जातो. तो फार दिवस टिकेल असे वाटत नाही. त्यापेक्षा कॉल बंद करून आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावणे बरे. मित्राच्या घरी त्यांनी एक परवलीचा शब्दही ठरवला. तो मुलीनेच सुचवला: 'शिळी मॅच'. आम्ही तो इथे छापला, तेव्हा आता त्यांना दुसरा शोधावा लागेल.