स्तनाचा कर्करोग : निदानानंतरचे मन

स्नेहलतागंजातील माझ्या दवाखान्यात स्तनाच्या कर्करोगाचा अहवाल बहुधा पती किंवा मुलगा घेऊन येतो आणि हलक्या आवाजात सांगतो, "हिला फक्त साधी गाठ आहे, एवढेच सांगा." हेतू प्रेमाचाच असतो, परंतु घरातील कुजबुज आणि मुंबईच्या 'अवंतिके'ची तिकिटे पाहून तिला सारे उमगलेले असते. मग आजाराच्या जोडीला, काही न कळल्याचे सोंगही तिला वठवावे लागते. माझ्या मते हे सोंग रोगाइतकेच थकवणारे आहे.

याउलट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, जिथे टाटा रुग्णालयाचे परगावचे रुग्ण उतरतात, तिथे आजार कोणापासून लपवायचा हाच प्रश्न उरत नाही. केस गेलेली बाई शेजारणीला सांगते, माझे गेले, तुझेही जातील, औषध संपले की पुन्हा येतील. आम्हा डॉक्टरांच्या बोलण्याला हे वजन येत नाही.

निदानानंतर झोप उडणे, रडू येणे, संताप होणे स्वाभाविकच. आपलेच काही चुकले, असेही अनेकींना वाटते. मार लागल्याने वा कोणाच्या नजरेने हा रोग होत नाही, तो संसर्गजन्य नाही, आणि आनुवंशिक प्रकार सुमारे ५ ते १० टक्केच, हे त्यांना स्पष्ट सांगावे. स्तन गमावण्याची भीती तर बोलूनही दाखवली जात नाही. योग्य रुग्णांत स्तन राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केल्यास आयुर्मान घटत नाही, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस वर्षांच्या पाठपुराव्याच्या दोन अभ्यासांनी दाखवले आहे. "सकारात्मक राहा" हा उपदेश मात्र आवरावा. रडण्याचीही चोरी होते.

व्यवसायबंधूंना एक विनंती. ताप मोजतो तसा मनाचा ताणही विचारावा : ० ते १० पैकी किती? ४ वा अधिक असल्यास समुपदेशकाकडे पाठवावे. उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याचे ती बोलली, तर मानसोपचारतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. टॅमोक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सेटीन व फ्लुओक्सेटीन टाळलेले बरे. ती त्याचा परिणाम उणावू शकतात.

उपचार संपले की घरचे पेढे वाटतात, येणारेजाणारे थांबतात, आणि नेमकी तेव्हाच अनेक जणी खचतात. प्रत्येक तपासणीच्या आधीच्या आठवड्यात भीती पुन्हा उसळते. त्या दिवशी तिच्यासोबत कोण जाणार, हे घरात आधीच ठरवून ठेवावे.