काडतूस पुनर्भरणातील दारू तोलण्यासाठी तराजूची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

अमेरिकेत शिकारी आणि लक्ष्यवेधी नेमबाज यांच्यापैकी अनेकजण झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती स्वच्छ करून पूर्ववत आकारात आणली जाते, तिच्या बुडाशी नवी प्रज्वलक टोपी बसविली जाते, मोजून दारू भरली जाते आणि शेवटी तोंडाशी गोळी दाबली जाते. या क्रियेस काडतुसाचे पुनर्भरण म्हणतात. स्वतःच्या वापरापुरते पुनर्भरण करण्यास तेथे संघीय परवान्याची आवश्यकता नाही. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागत असल्याने हा येथील घरगुती छंदाचा विषय नव्हे. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील काडतुसाचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. अशी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते. तथापि अत्यल्प वस्तुमान तोलताना कोणत्या उपकरणावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न विज्ञानाच्या कोणत्याही अध्यापकाच्या परिचयाचा आहे. पुनर्भरणात त्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत हाताने वा डोळ्याने चुकवावी लागते, एवढाच फरक.

ग्रेन हे एकक आणि चुकीचे प्रमाण :

या क्षेत्रात आजही ग्रेन हेच एकक रूढ आहे. ७००० ग्रेन म्हणजे १ पौंड, आणि १ ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम. मराठी वाचकास हे एकक वाटते तेवढे परके नाही. ब्रिटिश अमदानीत प्रमाणित झालेला तोळा १८० ग्रेनचा होता. १२ मासे म्हणजे १ तोळा आणि ८ गुंजा म्हणजे १ मासा या कोष्टकाने १ गुंज १.८७५ ग्रेनची ठरते. पिस्तुलाच्या एका काडतुसात ५ ग्रेनच्या आसपास दारू असते, म्हणजे पुरत्या तीन गुंजाही नव्हे. रायफलच्या मध्यम काडतुसात ती ४० ग्रेनच्या घरात जाते.

पुनर्भरणाच्या बहुतेक तराजूंचे लघुत्तम माप ०.१ ग्रेन, म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅम असते. एवढी चूक ४० ग्रेनमध्ये पाव टक्का होते. ५ ग्रेनमध्ये मात्र तीच २ टक्के होते. त्यामुळे तराजू ‘किती सूक्ष्म आहे’ हा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या भारासाठी सूक्ष्म आहे, हे विचारावयास हवे. बाजारात मिळणारा ०.१ ग्रॅम लघुत्तम मापाचा स्वयंपाकघरातील काटा या कामी सर्वस्वी अयोग्य होय, कारण ०.१ ग्रॅम म्हणजे १.५४ ग्रेन, अर्थात पिस्तुलाच्या भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ०.०१ ग्रॅमचा खिशातील काटा ग्रेनमध्ये आकडे दाखवितो खरा, परंतु त्याची प्रत्यक्ष पायरी ०.१५ ग्रेनचीच असते. पडद्यावरील दशांश चिन्हानंतरचा आकडा तेथे केवळ गणिताने आलेला असतो, मापनाने नव्हे.

धूरविरहित दारूच्या बाबतीत दाब हा दारूच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर त्याहून वेगाने वाढतो. म्हणून कमाल मर्यादेजवळच्या भारात छोटी वाढही धोक्याची ठरते. भार फारच कमी पडला तरी अपाय टळत नाही : गोळी नळीतच अडकते आणि पाठोपाठ दुसरी झाडली गेल्यास नळी फुटू शकते.

दांडीचा तराजू आणि विद्युत्काटा :

पुनर्भरणासाठीचा दांडीचा तराजू हा विषम भुजांचा व सरकत्या वजनांचा असतो. आर.सी.बी.एस. कंपनीचा ‘५-०-५’ हा त्यातील प्रसिद्ध नमुना ५११ ग्रेनपर्यंत तोलतो. दांडी सुरीच्या धारेसारख्या पात्यांवर टेकलेली असून दांडीचा गुरुत्वमध्य या धारेच्या किंचित खाली असतो. हे अंतर जितके कमी, तितकी संवेदनशीलता अधिक आणि दांडी स्थिरावण्यास लागणारा वेळही अधिक. यावर उपाय म्हणून दांडीच्या टोकाची तांब्याची पट्टी चुंबकांमधून हलविली जाते. पट्टीत विद्युत प्रवाह निर्माण होतात आणि लेंझच्या नियमानुसार ते गतीलाच विरोध करतात. दांडी थांबल्यावर प्रवाहही थांबत असल्याने अंतिम वाचनावर परिणाम होत नाही. विद्युतचुंबकत्वाच्या तासाला दाखविण्याजोगे याहून सुटसुटीत उदाहरण सहसा सापडणार नाही.

विद्युत्काट्यांत दोन जाती आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर आहे. स्वस्त काट्यात धातूचा तुकडा भाराने वाकतो व त्यावर चिकटविलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध बदलतो. महाग काट्यात भाराइतकेच विद्युतचुंबकीय बल लावून पारडे मूळ जागी आणले जाते आणि त्यासाठी लागलेला प्रवाह मोजला जातो. दुसऱ्या प्रकारचे काटे १ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०२ ग्रेनपर्यंत वाचतात. लांब पल्ल्याचे स्पर्धक यांना पसंती देतात ती याच कारणाने.

स्ट्रेन गेजचा काटा तापमानाने सरकतो, म्हणून तो सुरू करून बराच वेळ तापू द्यावा लागतो. पंख्याचा वारा, स्थिर विद्युत, जवळचा मोबाईल यांचाही त्यावर परिणाम होऊ शकतो. याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. शून्याजवळचे अतिसूक्ष्म बदल हा काटा ‘सरकणे’ समजून आपोआप शून्य करतो. रिकामे पारडे ठेवून शून्य केले व त्यात दारूचे कण एकेक करून सोडले, तर आरंभीचे काही कण मोजलेच जात नाहीत. पारडे उचलून पुन्हा ठेवल्यास खरे वाचन मिळते. पण हे माहीत असावे लागते.

आणखी एक मूलभूत भेद आहे. दांडीचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो, विद्युत्काटा बल मोजतो. विषुववृत्त व ध्रुव यांवरील गुरुत्वत्वरणात सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक असल्याने विद्युत्काटा दूरच्या स्थळी नेल्यास त्याचे अंशांकन पुन्हा करावे लागते. दांडीच्या तराजूस त्याची गरज नाही.

दांडीचा तराजू निर्दोष असतो असा याचा अर्थ नव्हे. सरकते वजन एक खाच पुढे बसले तर पाच किंवा दहा ग्रेनची चूक होते आणि दांडी तरीही निमूटपणे समतोल दाखविते. धारेखाली धूळ गेली तर दांडी अडखळते. मात्र हे दोष डोळ्यांना दिसू शकतात; खाच पाहता येते, अडखळणारी दांडी ओळखता येते. विद्युत्काट्याचा पडदा चुकीचा आकडाही तितक्याच ठळकपणे दाखवितो. नवशिक्याने दांडीचा तराजू घ्यावा आणि विद्युत्काटा असल्यास तो वेगासाठी वापरावा, हे मत म्हणूनच ग्राह्य वाटते.

पडताळणीची वजने :

तराजूच्या निवडीइतकीच वजनांची निवड महत्त्वाची आहे, आणि नेमकी येथेच काटकसर केली जाते. काट्याबरोबर येणारे ५० ग्रॅमचे वजन म्हणजे सुमारे ७७२ ग्रेन. त्यावर काटा बरोबर ठरला म्हणून ५ ग्रेनवर तो बरोबर असेलच असे नाही. पडताळणीचे वजन प्रत्यक्ष भाराच्या जवळचे हवे आणि ते वापरात असलेल्या पारड्यातच ठेवून तोलावयास हवे. वजन बोटांनी उचलल्यास त्वचेचा तेलकटपणा त्यास चिकटतो, म्हणून चिमटा वापरला जातो. अनुभवी पुनर्भरक हे वजन पहिल्या काडतुसापूर्वी तोलतात, मधून मधून तोलतात आणि शेवटच्या काडतुसानंतरही तोलतात. शेवटचे वाचन पहिल्याशी जुळले नाही, तर चूक नेमकी कोणत्या काडतुसापासून सुरू झाली हे कळण्यास मार्ग नसतो. मग मागील बरोबर वाचनानंतर भरलेल्या प्रत्येक काडतुसातील गोळी उपसून दारू पुन्हा तोलावी लागते.